एचआयव्हीची चाचणी : आधी तारीख, मग सुई

दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या खिडकीशी एक गिऱ्हाईक हमखास यायचं. कधी कळंगुटच्या हॉटेलात काम करणारा पोरगा, कधी डिचोलीकडचा ट्रकवाला, कधी चांगला चाळिशी ओलांडलेला घरंदाज गृहस्थ. बोलणं मात्र ठरलेलं.

"काका, रक्त तपासायचंय. सगळंच."

"सगळं म्हणजे काय रे?"

मग इकडेतिकडे बघणं, आवाज खाली. "ते पण."

फोंड्यात रक्त काढण्यात माझी वीसहून जास्त वर्षं गेली. अशा वेळी मी सुईला हात लावायच्या आधी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट दाखवायचो आणि विचारायचो, "कधीची गोष्ट?" कारण एचआयव्हीच्या चाचणीचं उत्तर 'आहे' किंवा 'नाही' एवढंच नसतं. 'अमुक तारखेपर्यंतच्या धोक्याबद्दल आहे किंवा नाही' असं ते असतं. तारीख न सांगता काढलेला रिपोर्ट म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

म्हणून पहिली पायरी कागद-पेनाची. ज्या प्रसंगाची भीती वाटते तो लिहून काढा, म्हणजे निरोधाशिवाय आलेला संबंध, फाटलेला निरोध, दुसऱ्याने वापरलेली सुई, इस्पितळात कामावर असताना टोचलेली सुई, जे असेल ते. त्यापुढे तारीख आणि अंदाजे वेळ. असे प्रसंग एकाहून जास्त असतील तर सर्वांत अलीकडचा धरा. कागद कुणाला दाखवायचा नाही, तो तुमच्या हिशेबासाठी आहे.

७२ तास झाले नसतील तर

मग हा लेख पुढे वाचू नका. थेट गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) किंवा जवळच्या जिल्हा इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जा आणि "पेप हवं आहे" असं स्पष्ट सांगा. धोक्यानंतर घ्यायचं प्रतिबंधक औषध ते हेच. सुरुवात जितकी लवकर तितकी चांगली. पहिल्या दोन तासांत झाली तर उत्तम, ७२ तास उलटले की त्याचा उपयोग धरता येत नाही. गोळ्या २८ दिवस, एकही दिवस न चुकवता घ्यायच्या. द्यायचं की नाही हे डॉक्टर धोका पाहून ठरवतात. पण ते ठरवायला तुम्ही वेळेत समोर उभे असायला हवं. लाजेपोटी रविवार काढून सोमवारी आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्या रविवारीच ७२ तास संपलेले असायचे.

पेप सुरू करतानाही एक चाचणी होते. ती त्या प्रसंगाची नव्हे, तुम्ही आधीपासून बाधित होता का एवढंच ती सांगते. पुढच्या चाचण्या औषधं संपल्यानंतर, डॉक्टर सांगतील त्या वेळापत्रकाने. या औषधांमुळे शरीराची प्रतिक्रिया उशिरा दिसू शकते, त्यामुळे इथे स्वतःचं गणित चालवू नये.

रक्तात काय, कधी दिसतं

गोव्यात पावसाळा काढलेल्या माणसाला ही गोष्ट समजावणं सोपं आहे. डेंगीच्या वेळी काय होतं ते आठवा. ताप आला की पहिल्या दिवसांत एनएस१ ची चाचणी सांगतात, आणि चार-पाच दिवस उलटून गेले की आयजीएमची. एनएस१ हा विषाणूचाच एक तुकडा, म्हणून तो आधी दिसतो. आयजीएम म्हणजे आपल्या शरीराने तयार केलेलं प्रतिपिंड, त्याला वेळ लागतो. चुकीच्या दिवशी चुकीची चाचणी केली तर डेंगी असूनही रिपोर्ट कोरा येतो. एचआयव्हीचंही असंच आहे, फक्त दिवसांऐवजी आठवडे मोजायचे. (डास इथे फक्त उपमेपुरता. एचआयव्ही डासाने पसरत नाही.)

विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण पहिले दहा दिवस तो कुठल्याच चाचणीला सापडत नाही. त्यानंतर क्रमाने तीन गोष्टी रक्तात येतात.

सर्वांत आधी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य. तो शोधणाऱ्या चाचणीला नॅट किंवा पीसीआर म्हणतात. ती संसर्गानंतर साधारण १० ते ३३ दिवसांत तो पकडते.

त्यामागून पी२४ हे विषाणूच्या गाभ्यातलं प्रथिन. डेंगीच्या एनएस१ चा हा भाऊच समजा. प्रतिपिंडं तयार होऊ लागली की ती पी२४ ला बिलगतात आणि तो पुन्हा दिसेनासा होतो. म्हणून एकट्या पी२४ ची चाचणी आता कुणी करत नाही. प्रयोगशाळेतली 'चौथ्या पिढीची' चाचणी पी२४ आणि प्रतिपिंडं दोन्ही एकदम शोधते. शिरेतून काढलेल्या रक्तावर ती संसर्ग झाल्यापासून १८ ते ४५ दिवसांत तो पकडते.

शेवटी प्रतिपिंडं. बोट टोचून किंवा थोड्या रक्तावर वीस-तीस मिनिटांत होणारी रॅपिड चाचणी यांनाच शोधते. तिचा काळ २३ ते ९० दिवस. बहुतेकांत ही प्रतिपिंडं चार-सहा आठवड्यांत येतात, पण सगळ्यांत येतील याची खात्री तीन महिन्यांनीच देता येते. संसर्ग झाला आहे पण चाचणीला अजून दिसत नाही, या मधल्या काळाला 'विंडो पिरियड' म्हणतात.

आता कालनिर्णय उघडा. समजा प्रसंग ३१ डिसेंबरच्या रात्रीचा. पेपची मुदत ३ जानेवारीच्या रात्री संपते. १० जानेवारीपर्यंत कुठलीही चाचणी म्हणजे पैसे पाण्यात. चौथ्या पिढीच्या चाचणीचे ४५ दिवस भरतात १४ फेब्रुवारीला. रॅपिड चाचणीचे ९० दिवस ३१ मार्चला, लीप वर्ष असेल तर ३० मार्चला. आपली तारीख घालून असाच हिशेब करा आणि या तारखा कागदावर लिहा.

जानेवारीत आलेल्याला मी म्हणायचो, "आज तपासलं तर डिसेंबरच्या आधीचं कळेल, त्या रात्रीचं नाही." काही जण तरीही तपासून घ्यायचे. त्यात चूक काहीच नाही. ती पाटी कोरी आहे हे आधी कळलेलं बरं. चूक तेव्हा होते जेव्हा जानेवारीचा 'निगेटिव्ह' खिशात घालून माणूस मार्च विसरतो.

मधल्या काळात लक्षणांच्या मागे लागू नका. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांनी काहींना ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, मानेत गाठी असं होतं, काहींना काहीच होत नाही. जुलैत असा ताप आला तर गोव्यात प्रत्येक डॉक्टर आधी डेंगीच म्हणणार, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असणार. डेंगीच्या चाचण्या कोऱ्या आल्या आणि तुमच्या कागदावर तीन आठवड्यांपूर्वीची तारीख असेल, तर ती गोष्ट डॉक्टरला स्वतःहून सांगा. अशा वेळी नॅट किंवा चौथ्या पिढीची चाचणी हवी. रॅपिड 'नाही' म्हणेल आणि सगळेच फसतील. शिवाय याच दिवसांत रक्तातला विषाणू सर्वाधिक असतो, त्यामुळे दुसऱ्याला लागण्याची शक्यताही सर्वाधिक. सगळी चाचणी पूर्ण होईपर्यंत निरोध वापरायचा आणि रक्तदान करायचं नाही.

रक्तदानाबद्दल आणखी एक, कारण हा मोह गोव्यातच नाही, सगळीकडे आहे. "रक्तपेढीत फुकट तपासतात, देऊनच टाकू." रक्तपेढी प्रत्येक पिशवी एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोगातला सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासते हे खरं. पण तुम्ही विंडो पिरियडमध्ये असाल तर तुमची पिशवी तपासणीतून निसटून कुणाच्या तरी शिरेत जाईल. चाचणीसाठी रक्तदान करणं म्हणजे आपली शंका दुसऱ्याच्या अंगावर टाकणं.

कुठे जायचं

सरकारी आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. चाचणी आणि समुपदेशन दोन्ही मोफत. बांबोळीला गोमेकॉत, म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात, मडगावात हॉस्पिसियोच्या जागी आलेल्या दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळात, फोंडा आणि चिखलीच्या उपजिल्हा इस्पितळांत. गावाजवळचं केंद्र कुठलं हे १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रांतही बोट टोचून पहिली चाचणी होते. ती रिॲक्टिव्ह आली, म्हणजे तिच्यावर काही उमटलं, तर पक्कं करायला मोठ्या केंद्रात पाठवतात.

आपल्या गावातल्या केंद्रात ओळखीचं कुणीतरी भेटेल ही भीती गोव्यात खोटी नाही. हा प्रदेशच एवढासा, चर्चच्या फेस्ताला किंवा देवळाच्या जत्रेला सगळे सगळ्यांना भेटतात. मग काणकोणच्या माणसाने म्हापशाला जावं, पेडण्याच्या माणसाने मडगावला. कदंबची दोन तिकिटं लागतील, पण मनाला बरं वाटत असेल तर ती वाया जात नाहीत. कुठल्याही केंद्रात कुणालाही तपासतात.

आत गेल्यावर आधी समुपदेशक बोलतो किंवा बोलते. प्रश्न खासगी असतात आणि ते विचारण्यामागे हिशेब असतो, तुमच्या कागदावरची तारीख त्यांनाही हवी असते. इथे खोटं बोलून फायदा शून्य. मग संमतीपत्र. ते वाचून सही करा. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार न्यायालयाचा आदेश किंवा रक्तपेढीची तपासणी अशी मोजकी कारणं सोडली तर माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो आणि नोकरीसाठी ही चाचणी अट म्हणून घालता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची संमती लागते.

संमतीचं हे कलम कागदावर सहज आलेलं नाही, आणि त्यात गोव्याची एक जखम आहे. पर्रा गावचा डॉमनिक डिसोझा हा नेमाने रक्तदान करणारा तरुण. त्याने दिलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला नेलं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस कोंडून ठेवलं, कारण तेव्हाच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधिताला वेगळं ठेवण्याची तरतूद होती. त्याची आई मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात गेली. डॉमनिकने पुढे 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. आपल्याला काय झालंय हे त्याला डॉक्टरने समोर बसवून सांगण्याआधी पोलिसांना ठाऊक होतं. संमतीपत्राचा तो कागद कटकट वाटला की मला म्हापसा आठवतं.

लग्नाच्या नोंदणीआधी ही चाचणी सक्तीची करावी, हा विषय आपल्याकडे २००६ मध्ये निघाला, २०१९ मध्ये पुन्हा निघाला. हेतूवर शंका घेत नाही. पण प्रयोगशाळेतल्या माणसाला त्यातली फट लगेच दिसते. नोंदणी कार्यालयाला तुमची तारीख माहीत नसते. तीन आठवड्यांपूर्वी संसर्ग झालेला नवरदेव रॅपिड चाचणीत कोरा निघेल आणि सरकारी शिक्क्यावर सगळे निर्धास्त होतील. दोघांनी एकमेकांना खरं सांगून, एकत्र, योग्य दिवशी केलेली चाचणी मला जास्त भरवशाची वाटते.

टेबलावर काय होतं

बहुतेक केंद्रांत शिरेतून थोडं रक्त घेतात. बोट टोचायचं असेल तर बाजूच्या कडेला टोचतात, पहिला थेंब पुसतात, दुसरा वापरतात. सुई नवीन आहे, पाकीट तुमच्यासमोर फोडलं आहे, हे बघायचा तुम्हाला हक्क आहे. नळीवर तुमचं नाव किंवा क्रमांक रक्त काढतानाच लिहिला जातो ना, हेही पाहा. मशिनच्या चुकीपेक्षा नळ्यांची अदलाबदल ही मला नेहमीच जास्त भीतीदायक वाटत आली आहे.

किट म्हणजे प्लास्टिकच्या डबीत एक पट्टी किंवा छोटं आवरण. त्यावर विषाणूच्या प्रथिनांचे ठिपके आधीच चिकटवलेले असतात. विषाणूचे प्रकार दोन, म्हणून एचआयव्ही-१ ची जीपी४१ सारखी प्रथिनं एका जागी, एचआयव्ही-२ चं जीपी३६ दुसऱ्या जागी. तुमच्या रक्तात प्रतिपिंड असेल तर ते तिथे अडकतं, त्याला रंगीत कण चिकटतात आणि रेघ किंवा ठिपका उमटतो. तिसरी खूण 'कंट्रोल'ची. ती उमटली नाही तर किट बाद, बाकी काहीही दिसो. रेघ फिकट असली तरी ती रेघच. आणि किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचायचं. घाईने वाचलं तर खरी रेघ निसटते, तासाभराने वाचलं तर नसलेली दिसू शकते. आपल्याकडच्या जून महिन्यात पाकीट आधी फोडून ठेवलं तर पट्टी दमट होते, म्हणून ते आयत्या वेळी फोडायचं.

पहिल्या किटवर काही उमटलं नाही तर काम तिथेच संपतं, रिपोर्ट निगेटिव्ह. उमटलं तर त्याच रक्तावर दुसरं किट, मग तिसरं. तिन्ही वेगवेगळ्या प्रथिनांवर किंवा वेगळ्या तत्त्वावर चालणारी. तिन्हींवर उमटलं तरच पॉझिटिव्ह.

"तीन-तीनदा कशाला? तुमचा स्वतःवर विश्वास नाही का?" असं एकाने मला विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर आकड्यांत आहे.

समजा १०,००० माणसं तपासली. त्यांत हजारी दोन, म्हणजे २० जण खरोखर बाधित. भारतातल्या प्रौढांतलं प्रमाण साधारण एवढंच, ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. किट इतकं चांगलं की २० पैकी एकही सुटला नाही, आणि निरोगी माणसांत ते फक्त ०.५ टक्के वेळा चुकतं. उरलेले ९,९८०. त्यांचे ०.५ टक्के म्हणजे जवळजवळ ५०. आता टेबलावर ७० रिॲक्टिव्ह पट्ट्या आहेत आणि त्यांतल्या फक्त २० खऱ्या. 'साडेनव्याण्णव टक्के अचूक' किटने दहांतल्या सात जणांना विनाकारण रडवलं असतं.

या ७० जणांना दुसऱ्या जातीचं किट लावा. २० परत उमटतील. चुकीच्या ५० चे ०.५ टक्के म्हणजे पाव माणूस. तिसऱ्या किटनंतर शंकेला जागाच उरत नाही. अट एकच, पहिल्या किटला ज्याने फसवलं त्यानेच दुसऱ्यालाही फसवू नये. म्हणूनच तेच किट तीनदा वापरून चालत नाही. स्वतःच्याच पेशींवर उलटलेली प्रतिपिंडं, दुसरे काही संसर्ग, नुकतीच घेतलेली एखादी लस, गरोदरपण अशा कारणांनी एखादं किट खोटं उमटू शकतं.

हे गणित जवळ असू द्या. एका चाचणीवर, मग ती कॅम्पमध्ये केलेली असो, रक्तपेढीतून आलेला फोन असो, ऑनलाइन मागवलेलं किट असो की आखाती देशांच्या व्हिसासाठी केलेली मेडिकल असो, कुणालाही पॉझिटिव्ह म्हणता येत नाही. आखाताची मेडिकल तर 'अनफिट' एवढा शिक्का मारून मोकळी होते, कारण सांगणं-समजावणं तिच्या कामात बसत नाही. असा शिक्का बसला तर तो कागद घेऊन दुसऱ्याच दिवशी आयसीटीसीत जा.

रिपोर्ट वाचताना

'नॉन-रिॲक्टिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' : आता तुमचा तारखेचा कागद काढा. शेवटच्या धोक्याला ९० दिवस होऊन गेले असतील आणि मध्ये नवीन काही घडलं नसेल, तर विषय संपला. झाले नसतील तर उरलेली तारीख रिपोर्टच्याच मागे लिहा.

'इनडिटरमिनेट' : एक किट हो म्हणतं, दुसरं नाही. याचा अर्थ अर्धा संसर्ग असा होत नाही. एक तर संसर्ग अगदी ताजा आहे आणि प्रतिपिंडं पुरती तयार झालेली नाहीत, नाही तर पहिलं किट फसलं. दोन ते चार आठवड्यांनी नव्याने रक्त द्यायचं. तेव्हाही तिढा सुटला नाही तर नमुना वरच्या संदर्भ प्रयोगशाळेत जातो. या मधल्या आठवड्यांत माणूस सर्वांत जास्त खचतो. समुपदेशकाचा नंबर मागून घ्या आणि मध्येच फोन करायला संकोचू नका.

'पॉझिटिव्ह' : सोबत एचआयव्ही-१, एचआयव्ही-२ की दोन्ही हे लिहिलेलं आहे का ते पाहा. भारतात जवळजवळ सगळा संसर्ग एचआयव्ही-१ चा. एचआयव्ही-२ मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. गिनी-बिसावसारख्या जुन्या पोर्तुगीज वसाहती आणि खुद्द पोर्तुगाल इथे तो आढळतो, पश्चिम भारतातही सापडलेला आहे. गोव्यातली किती घरं लिस्बनशी जोडलेली आहेत हे सांगायला नको, म्हणून हा मुद्दा इथे मुद्दाम ताणतो. दोन नंबरवर जुन्या औषधांतली काही चालतच नाहीत, आणि रक्तात विषाणू किती हे सांगणारी नेहमीची व्हायरल लोडची चाचणी तो मोजत नाही. रिपोर्टवर दोन नंबरचा संशय असेल तर तो पक्का करून घेतल्याशिवाय राहू नका.

खासगीत तपासायचं असेल

हरकत नाही, विशेषतः ४५ दिवसांचा हिशेब हवा असेल तर. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा, "चाचणी चौथ्या पिढीची आहे का? पी२४ बघता का? रिॲक्टिव्ह आली तर पुढे काय करता?" तिसऱ्या प्रश्नाला धड उत्तर आलं नाही तर दुसरीकडे जा.

यंत्रावरच्या रिपोर्टात एक आकडा छापून येतो. बहुतेक यंत्रांत १ च्या खाली नॉन-रिॲक्टिव्ह, १ किंवा वर रिॲक्टिव्ह. माणसं या आकड्यावर रात्री जागवतात. "मागच्या वेळी ०.१ होता, आता ०.३ आलाय, वाढतोय का?" वाढत काही नाही. १ च्या खालचे सगळे आकडे सारखेच. १ च्या थोडं वर, दीड-दोन आकडा आला तर तो पुष्कळदा खोटा निघतो, पण तो आपण ठरवायचा नाही, आयसीटीसीत तिन्ही किटवर ठरवायचा.

वेस्टर्न ब्लॉट या चाचणीचं नाव जुने डॉक्टर अजून घेतात. विषाणूची प्रथिनं पट्टीवर वेगवेगळी पसरून कोणकोणत्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड आहे ते ती दाखवते. एके काळी शेवटचा शब्द तिचाच. पण ताज्या संसर्गात ती मागे राहते आणि अर्धवट रेघा वाचताना दोन तज्ज्ञांचं एकमत होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये तिच्यापासून दूर व्हायला सांगितलं.

आणि सीडी४, म्हणजे हा विषाणू ज्यांच्यावर हल्ला करतो त्या पांढऱ्या पेशी, तपासून निदान होत नाही. सीडी४ पेशी क्षयातही कमी होतात, साध्या विषाणूजन्य तापातही. "सीडी४ चांगल्या आहेत म्हणजे मला काही नाही" हे मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलं असेल.

गरोदरपण आणि बाळ

गरोदर बाईची चाचणी पहिल्याच नोंदणीच्या वेळी व्हावी. सोबत सिफिलिसचीही. राहून गेली असेल तर प्रसूतीच्या खोलीतसुद्धा रॅपिड करता येते आणि तिचा उपयोग होतो, कारण आई औषधावर असेल आणि बाळाला जन्मापासून प्रतिबंधक औषध मिळालं तर संसर्ग बाळापर्यंत पोचण्याची शक्यता फार खाली येते.

बाळाचं निदान मात्र वेगळ्या वाटेने. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरतात आणि १८ महिन्यांपर्यंत टिकू शकतात. म्हणजे बाळावर नेहमीची रॅपिड केली तर ती आईबद्दलच बोलते. एका आजीने खासगीत नातवाची रॅपिड करून घेतली, रिॲक्टिव्ह आली, घरात चार दिवस चूल पेटली नाही. बाळ पुढे निगेटिव्ह निघालं.

बरोबर पद्धत अशी की दीड महिन्याच्या लसीच्या वेळीच बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब खास कागदावर घ्यायचे, ते वाळवून पाठवायचे आणि त्यात थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधायचं. ते सापडलं तर लगेच दुसरा नमुना घेतात, पण औषध त्याच्यासाठी थांबवत नाहीत. सापडलं नाही तर बाळ सहा महिन्यांचं आणि वर्षाचं झाल्यावर परत पाहतात, आणि शेवटचा शिक्का ते १८ महिन्यांचं झाल्यावर तिन्ही किटवर. अंगावर पाजणं चालू असेल तर ते थांबल्यानंतरही एकदा पाहावं लागतं. मधली एखादी तारीख बाळ खेळतंय, जेवतंय म्हणून सोडून देतात. सोडू नका.

पॉझिटिव्ह आल्यावर पहिला आठवडा

तिन्ही किटवर पक्कं झाल्यावर केंद्रातूनच एआरटी केंद्राची, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्राची, चिठ्ठी मिळते. बांबोळीला गोमेकॉत ते आहे. जाताना ती चिठ्ठी, रिपोर्ट आणि चालू असलेल्या इतर गोळ्यांची पाकिटं न्या, मधुमेहाच्या गोळ्यासुद्धा, कारण काहींचा डोस बदलावा लागतो. तिथे सीडी४ मोजतात, खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं यांची चौकशी करून क्षयाचा संशय तपासतात, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या करतात. सीडी४ किती का असेना, उपचार सगळ्यांना सुरू होतात. भारतात २०१७ पासून हाच नियम आहे. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी, तीन औषधांची मिळून. नवरा, बायको, जोडीदार आणि लहान मुलं यांच्या चाचण्याही याच आठवड्यात ठरवा. कसं सांगायचं हे समुपदेशकासमोर बसून ठरवता येतं.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड. औषध नीट चालू असेल तर रिपोर्टावर 'आढळला नाही' असं येतं, आणि तसं टिकून राहिलं तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. इथेच एक फसगत होते. काही जण हा कागद पाहून खूश होतात, गुपचूप दुसऱ्या प्रयोगशाळेत रॅपिड करतात, ती पॉझिटिव्ह आली की म्हणतात, "एक म्हणतो नाही, दुसरा म्हणतो आहे." दोघंही बरोबर असतात. रॅपिड प्रतिपिंड बघते आणि ते बहुतेकांत आयुष्यभर राहतं. व्हायरल लोड रक्तात फिरणारा विषाणू मोजतो आणि तो औषधाने दबलेला असतो, पेशींत मात्र दडून असतो. त्या 'आढळला नाही'वर विसंबून गोळी थांबवली की काही आठवड्यांत तो पुन्हा मोजण्याइतका होतो.